श्रद्धेतला संशय न्यायशास्त्राच्या रीतीने कसा तपासावा

न्यायसूत्रं हा न्यायशास्त्राचा, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राचा, मूळ ग्रंथ. त्यातल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, प्रमाण (ज्ञानाचं साधन) आणि प्रमेय (जाणून घ्यायची गोष्ट) यांच्या पाठोपाठ तिसरा मान संशयाला आहे. संशय नसेल तर परीक्षेचं कारणच उरत नाही. म्हणून तो दडपू नका, कागदावर उतरवा.

आधी संशयाला दोन टोकं द्या. 'माझा कशावरच विश्वास उरला नाही' ही व्यथा झाली, तिची परीक्षा करता येत नाही. 'या जगाला कर्ता आहे की नाही?' हा संशय. एका वेळी एकच घ्या आणि तो कुठून आला ते पाहा. न्यायसूत्रकार गौतमाने पाच कारणं सांगितली आहेत, पण धर्माच्या बाबतीत बहुधा विप्रतिपत्तीच निघते: दोन आदरणीय ग्रंथ परस्परविरुद्ध सांगतात. अशा वेळी तिसरा ग्रंथ उघडून संशय फिटत नाही. अनुमान, म्हणजे कारण देऊन काढलेला निष्कर्षच, मांडावा लागतो.

ते पाच वाक्यांत लिहा. न्यायशास्त्राचे पंडित उदयनाचार्य यांचं ईश्वराविषयीचं प्रसिद्ध अनुमान घेऊ. प्रतिज्ञा: पृथ्वी, अंकुर यांना कर्ता आहे. हेतू: कारण ती कार्यं, म्हणजे उत्पन्न झालेल्या वस्तू, आहेत. उदाहरण: जे जे कार्य, त्याला त्याला कर्ता असतो, जसा घट. उपनय: पृथ्वी, अंकुर तशीच कार्यं आहेत. निगमन: म्हणून त्यांनाही कर्ता आहे.

सगळा भार 'जे जे' वर आहे, आणि अनुमान मोडतं ते इथेच. उलट उदाहरण मुद्दाम शोधा. उदयनाच्या कितीतरी आधी बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने ते शोधलं होतं: मातीचा घडा कुंभाराने केला, म्हणून मातीचं वारूळही कुंभारानेच केलं म्हणायचं का? दुसरी चूक हेतूपेक्षा जास्त पदरात पाडून घेण्याची. वरचं अनुमान निर्दोष मानलं तरी कर्ता तेवढा मिळतो. तो दयाळू आहे, यासाठी वेगळा हेतू हवा. तिसरी चूक अन्योन्याश्रयाची, म्हणजे दोन वाक्यं एकमेकांच्याच आधारावर उभी करण्याची. वेद खरे, कारण ते ईश्वराचे. ईश्वर आहे, कारण वेद सांगतात. वाक्यांमध्ये बाण काढा. बाण फिरून मूळ जागी आला, तर दोन्ही वाक्यं खोडा.

मग अंतिम सत्य कळतं का? बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने विचारलं, प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात, पण प्रमाणं कशाने? न्यायसूत्रांत तराजूचा दृष्टान्त आहे. तराजूने सोनं तोलतो. तराजूचीच शंका आली, तर वजन ठाऊक असलेल्या सोन्याने तराजू तपासतो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याची कसोटीही हीच: ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळली पाहिजे. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली.

मोक्षाला ही कसोटी लावता येत नाही. तिथे नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, आयुर्वेदाचा दाखला देतात: तपासता येतं तिथे आप्त, म्हणजे विश्वासार्ह सांगणारा, खरा ठरला, म्हणून जिथे तपासता येत नाही तिथेही मानावा. सगळ्या मांडणीतला हा सर्वांत कच्चा दुवा आहे. म्हणून निर्णय लिहिताना तीन रकाने ठेवा: कृतीने पटलेलं, अनुमानाने आलेलं, केवळ आप्तवचनावर मानलेलं. पुढचा संशय तिसऱ्या रकान्यातून उचला.