अकरावीत गणिताचा स्वतःचा प्रोजेक्ट कसा करायचा: गाडीचा नंबर, संत्र्यांचं खोकं आणि एक काठी

जून लागला की दोन-चार पोरं तरी विचारतातच, सर गणिताचा प्रोजेक्ट करायचाय, एखादा टॉपिक सांगा ना. टॉपिक मागू नका रे पोरांनो, प्रश्न शोधा. "फिबोनाची संख्या" हा टॉपिक झाला, त्यावर नेटवरून चार पानं उतरवाल, सूर्यफुलाचा फोटो चिकटवाल आणि संपलं, स्वतःला काही सापडलेलंच नसेल. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही पण वही घेऊन बसलं तर आठवडाभरात थोडंफार हाती लागेल असं काहीतरी. अमेरिकेत हायस्कूलची पोरं ऑनर्स प्रोजेक्ट म्हणून हे करतात, आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डात तर गणिताच्या अशा स्वतंत्र लिखाणाला २० टक्के मार्क आहेत. आपल्याकडे प्रॅक्टिकलची जर्नल असते, पण तिच्यात प्रश्न दुसऱ्याचा असतो. वरून क्लास, सीईटी, जेईई. म्हणजे कोणी करायला लावणार नाही, आपणच करायचं.

कसं ते एका उदाहरणावर सांगतो. नागपूरच्या गाड्यांचे दोन कोड घ्या, ३१ आणि ४९. जोडले की ३१४९. आता आकडे उतरत्या क्रमाने लावा, ९४३१, मग चढत्या, १३४९, आणि वजा करा. ८०८२ येते. परत तेच, ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. परत, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर तेच करून पाहा, ६१७४च येते. चारही आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत इथेच येऊन थांबते. हे देवळालीच्या शाळेतले मास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली मांडलं. शाळेत शिकवता शिकवता, कागद-पेन्सिलीवर.

बहुतेक पोरं इथे थांबतात, पंधरा-वीस संख्या करून "नियम खरा ठरला" असं लिहून मोकळी होतात. तो प्रोजेक्ट नाही हो, तो नुसता पडताळा झाला. खरं काम पुढे आहे: का होतं असं? चढत्या-उतरत्याचा हिशोब अक्षरात मांडा. मोठ्यापासून लहान आकडे अ, ब, क, ड समजा, तर वजाबाकी येते ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क). म्हणजे चार आकडे कोणते यानं काही फरकच पडत नाही, फक्त हे दोन फरक पाहिजेत! पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याएवढा, मोजा किती जोड्या होतात, ५४. सुरुवातीच्या शून्यासकट ९९९० संख्या तपासायच्या होत्या त्या ५४ वर आल्या, एका संध्याकाळी हातानं होतात, आणि झाल्या की तुमच्याकडे पूर्ण सिद्धता असते, "करून पाहिलं तर खरं निघालं" असं नाही. मला हा क्षण फार आवडतो, पोरांचा चेहराच बदलतो.

पण सुरुवात ५४ पासून करू नका. आधी तीन आकडी घ्या, तिथे फक्त ९ केसेस आहेत आणि सगळ्या ४९५ वर जातात. प्रश्न मोठा वाटला की तो लहान करून पाहायचा, ही सवय याच प्रोजेक्टात लागते. मग चार आकडी, मग पाच आकडी, आणि तिथे गंमत आहे कारण पाच आकडीत थांबायचं एक ठिकाणच नाही, फेरे आहेत, ५३९५५ वरून ५९९९४ आणि परत ५३९५५. मागे एका मुलीनं पाच आकडी करता करता मला म्हटलं की सर मधला आकडा काहीच करून नाही राहिला. बरोबर! तो वजाबाकीत उडून जातो, म्हणून पाच आकडीतही जोड्या ५४च. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनं पाहिलं. पुढे दहाऐवजी आठच्या किंवा सातच्या पायात (म्हणजे base 8, base 7 मध्ये संख्या लिहून) तीन आकडी करून पाहा, पाया सम असला तर काय होतं आणि विषम असला तर काय, मी इथे सांगणार नाही.

आकड्यांत मन रमत नसेल तर नागपूरचं कळमना मार्केट आहे, संत्र्यांचं. खोक्यात संत्री भरली की किती जागा संत्र्यांची आणि किती हवेची? खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये म्हटलं होतं की सारखे गोळे जास्तीत जास्त ७४ टक्क्यांच्या आसपास जागा भरू शकतात, आणि याची सिद्धता यायला १९९८ उजाडलं, थॉमस हेल्स या गणितज्ञांनी दिली. नुसते ओतले तर साधारण ६४ टक्के. पण आपलं संत्रं गोल कुठे आहे, वरखाली चपटं असतं! आणि चपट्या गोळ्या नुसत्या ओतल्या तरी गोलापेक्षा दाट बसतात, हे २००४ मध्ये प्रयोगानं दाखवलेलं आहे. तर नागपुरी संत्र्याचं काय? हा प्रश्न तुमचा.

करायचं असं. न वाकणारं खोकं घ्या, आतली लांबी-रुंदी-उंची मोजा. दहा संत्र्यांचं घनफळ काढायला काठोकाठ भरलेल्या बादलीत एकेक टाका आणि सांडलेलं पाणी मोजा, संत्रं तरंगतं म्हणून पातळ काडीनं पूर्ण बुडवावं लागतं, हे विसरलात तर सगळा हिशोब गेला. मग खोकं ओतून भरा, मोजा, रिकामं करा, असं दहादा. नंतर रचून भरा. फिजिक्स लॅबमधला व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) मिळाला तर उभा-आडवा व्यास घ्या, चपटेपणा किती ते कळेल. खोक्याच्या भिंतीपाशी जागा वाया जाते म्हणून लहान खोक्यात टक्केवारी कमी येईल, तर दोन-तीन मापांची खोकी घेऊन ग्राफ काढा. संत्री नंतर घरचे खातीलच.

तिसरा प्रश्न सावलीचा. एक मीटरची काठी गच्चीवर उभी, ओळंब्यानं सरळ केलेली, दुपारची सगळ्यात लहान सावली मोजायची. ती बरोबर बाराला पडत नाही, नागपूरला घड्याळ सूर्याच्या पुढे आहे, म्हणून पावणेबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटाला खूण करा. २१ मार्चला ती ३८-३९ सेंटिमीटर येते आणि तिच्यातून काढलेला कोन (ज्याचा टॅन म्हणजे सावली भागिले काठी) म्हणजेच नागपूरचे अक्षांश, २१ अंशांच्या थोडे वर. त्याच दिवशी हैदराबादेत कोणी मोजलं तर दोन कोनांचा फरक पावणेचार अंश, उत्तर-दक्षिण अंतर साधारण ४१५ किलोमीटर (सडकेचं घेऊ नका), आणि ३६० अंशांचा त्रैराशिक मांडला की पृथ्वीचा परीघ. पण एक सेंटिमीटर चुकलात तर कोन अर्धा अंश हलतो आणि परीघ पाच हजार किलोमीटर! ही चूक का आणि किती, यावर लिहिलेलं पान परिघाच्या आकड्यापेक्षा भारी. आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या खांबाचा संबंध देश मोजणाऱ्या ज्या त्रिकोणमिती सर्व्हेशी आहे तो विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये सुरू केला, १८२३ मध्ये तो इथेच हिंगणघाटला वारला, आणि त्या लोकांचं अर्धं आयुष्य असल्याच बारीक चुका पकडण्यात गेलं.

वहीचं सांगतो. एक दोनशे पानी वही, तारीख टाकून, आणि खोडरबर वापरायचा नाही, चुकलेलं एका रेघेनं खोडायचं म्हणजे वाचता येतं. चुकलेल्या पानातच पुढचा प्रश्न असतो बरेचदा. पायथन येत असेल तर जरूर वापरा पण आधी हातानं दहा-बारा करा, नाहीतर कॉम्प्युटर उत्तर देईल आणि पॅटर्न तुम्हाला दिसणारच नाही. महिन्यातून एकदा कोणाला तरी दाखवा, कॉलेजचे सर-मॅडम, व्हीएनआयटीत (नागपूरचं इंजिनीअरिंग कॉलेज) शिकणारा ओळखीचा दादा, कोणी नसेल तर आई. तिला पाच मिनिटांत समजलं नाही तर तुम्हालाही अजून नीट समजलेलं नाही.

लिहिताना आठ-दहा पानं पुरे. प्रश्न काय, का पडला, काय केलं, काय सिद्ध झालं आणि काय नुसतं दिसलं. हे शेवटचे दोन वेगवेगळे लिहा, "असं दिसतं" आणि "असं आहे" एकात कालवू नका. कापरेकर, हेल्स, जे दुसऱ्याचं आहे ते त्याच्या नावानं.

वेळेचं म्हणाल तर आकड्यांचा आजच सुरू करा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास भरपूर असतात, तेव्हा सुट्ट्याही असतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात येतील तेव्हा परीक्षा डोक्यावर. सावलीला मार्चच पाहिजे असं नाही, परिघासाठी दोघांनी एकाच दिवशी मोजलं की झालं, उलट डिसेंबरात सावली जवळजवळ काठीएवढी लांब पडते आणि त्याच एक सेंटिमीटरनं कोन कमी हलतो. तेव्हा हैदराबादच्या मावसभावाला आत्ताच फोन करून ठेवा, आणि त्याची काठीही एक मीटरचीच असू द्या.