रत्नागिरीचे किनारे: आधी तिथी बघा, मग रिक्षा

रत्नागिरीत फिरायचा बेत आखताना पहिली बघायची गोष्ट म्हणजे तिथी. संध्याकाळी भाट्याची पुळण (वाळूचा किनारा) ऐसपैस मोकळी मिळणार की पाणी वरपर्यंत चढलेलं असणार, हे तिथीवर ठरतं. हिशेब तोंडी होतो. तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, सकाळची आणि संध्याकाळचीही. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि सव्वानऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे: सव्वाअकराला भरती, साडेपाचला ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी मोकळीक ठेवा. मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र इथे जसंच्या तसं लावू नका, रत्नागिरीला भरती थोडी आधी लागते.

यावरून दिवस असा मांडता येतो. चतुर्दशी ते द्वितीया या दिवसांत संध्याकाळ किनाऱ्यावर घालवा. पाणी खूप मागे जातं आणि ओल्या, घट्ट वाळूवरून लांबवर चालता येतं. सप्तमी ते दशमी मात्र सूर्यास्ताच्या सुमारास भरती असते, तेव्हा किनाऱ्याचा हट्ट न धरता उंचावर जा: रत्नदुर्ग किल्ला किंवा थिबा पॉइंट. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास, जूनमध्ये सव्वासातला. त्याच्या पाऊण तास आधी जागेवर असलेलं बरं.

रेल्वे स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर लांब, कुवारबावच्या बाजूला आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. साळवी स्टॉप, मारुती मंदिर, जयस्तंभ, गोखले नाका आणि पुढे मांडवी हा क्रम डोक्यात ठेवला की शहर कळलं, कारण हा रस्ता साधारण समुद्राकडेच उतरत जातो. राहायला मारुती मंदिर सोयीचं पडतं. जुनी रत्नागिरी पाहायची तर गोखले नाक्याला उतरून पायीच फिरा. राम आळी, टिळक आळीत गाडी घालण्यात अर्थ नाही, रस्ते अरुंद आणि थांबायला जागा नाही. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे (जन्म 23 जुलै 1856). जांभ्या दगडाच्या भिंती आणि उतरतं कौलारू छप्पर यांमुळे बाहेर रणरणतं ऊन असतानाही आत गारवा असतो, म्हणून ही जागा अकराच्या पुढे ठेवा. 1931 साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिरही याच फेरीत बघून होतं. सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर सावरकरांच्या रत्नागिरीतल्या कामाची आठवण आहे, त्यामुळे नुसतं दर्शन घेऊन घाईने निघू नका.

मिरकरवाडा बंदर सकाळी लवकर गाठा. जमीन ओली आणि निसरडी असते, तेव्हा पकड असलेली रबरी चप्पल घाला. लिलाव चालू असेल तर टोपल्यांच्या वाटेत उभं राहू नका, आणि फोटो काढण्याआधी विचारा. माणसं कामात असतात. मासा घेताना कल्ला उचलून बघा. आत लालभडक असेल, डोळा फुगीर आणि स्वच्छ असेल, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येत असेल तर घ्या. कल्ला तपकिरी पडला असेल तर भाव कितीही उतरला तरी सोडा. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, त्या काळात बंदर ओकंबोकं दिसेल आणि ताज्या मासळीची निवडही तुटपुंजी असेल.

बंदरावरून रत्नदुर्ग जवळ आहे. किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा असून तीन बाजूंनी समुद्र आहे. भगवती देवीचं मंदिर एका भागात, दीपगृह दुसऱ्या टोकाला, तेव्हा दोन्ही बघायची तर दीड-दोन तास धरा. पाणी सोबत ठेवा. तटाच्या कडेला जांभा सुटा झालेला असतो, कठड्यावर चढू नका.

याच डोंगराच्या उत्तरेला पांढरा समुद्र आणि दक्षिणेला मांडवीचा काळा समुद्र. मांडवीची वाळू जड, काळ्या खनिजांमुळे काळसर दिसते आणि दुपारी चांगलीच तापते, अनवाणी जाऊ नका. मांडवी ही बसण्याची, जेटीवर भटकण्याची जागा आहे. पांढऱ्या समुद्राची किनारपट्टी धूप होऊन अरुंद झाली आहे. भरतीला तिथे बंधाऱ्याच्या दगडांपाशी पाणी येतं, म्हणून ओहोटीच्या तासाभरातच जा.

भाट्याला जाताना काजळीच्या खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो. धोका आहे तो नेमका खाडीच्या मुखाशी, पुळणीच्या उत्तर टोकाला. भरती संपल्यावर दोन ते चार तासांत खाडीचं पाणी जोराने समुद्रात ओढलं जातं. पौर्णिमा-अमावास्येला ही वेळ येते दुपारी एक ते तीन, म्हणजे जेवण आटोपून लोक पाण्यात उतरतात तेव्हाच. वरून पाणी शांत दिसतं, पण पायाखालची वाळू सरकत असते. मुलांना घेऊन दक्षिणेकडे, सुरूच्या बनासमोर थांबा, आणि तिथेही गुडघ्याच्या वर जाऊ नका. पावसाळ्यात अजिबात उतरू नका.

थिबा राजवाडा सोमवारी बंद असतो. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा 1886 साली रत्नागिरीत आणला गेला आणि 1916 साली इथेच वारला. राजवाडा बांधून झाला तो त्याच्या अखेरच्या वर्षांत. आत गेल्यावर लाकडी खिडक्यांवरचं अर्धगोल नक्षीकाम निरखून बघा.

गणपतीपुळ्याला निघाला असाल तर शिरगाव, साखरतर, काळबादेवी मार्गे आरे-वारेचा किनारी रस्ता धरा. दुपारी तीनला निघालं की उजेडात वळणं पार होतात. वरच्या वळणावर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा. खाली पुळणीवर उतरा, पण पाण्यात नको. तिथे पर्यटक बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. गाडी वाळूत घालू नका. ओली वाळू घट्ट वाटते, पण चाक एकदा रुतलं आणि भरती लागली की गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर शोधावा लागतो.