व्हीएलसीसोबत घुसलेलं अ‍ॅडवेअर असं काढलं

शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पेज यायचं. व्हीएलसी (व्हिडिओ चालवणारं फुकट सॉफ्टवेअर) कुठल्याशा डाउनलोड साइटवरून घेतलेलं, इन्स्टॉलरमध्ये अ‍ॅडवेअर, म्हणजे जाहिरातींसाठी नकळत घुसणारं सॉफ्टवेअर, टूलबारच्या रूपात घुसडलेलं. स्वयंसेवकांनी फुकट दिलेल्या कामाच्या नावावर असली फसवणूक पाहिली की संताप होतो.

कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम तारखेनुसार लावून त्या दिवशी आलेलं अनोळखी सगळं काढलं, एक्स्टेन्शनही उडवली. तरी पेज येतच होतं! शेवटी ब्राउझरच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज उघडली, तर टार्गेटच्या रकान्यात डॉट ईएक्सईच्या पुढे एक वेबपत्ता चिकटवलेला. तो पुसला आणि त्रास थांबला.

नवं व्हीएलसी ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेच्या मूळ साइटवरूनच घेतलं. इन्स्टॉलरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅबवर सही व्हिडिओलॅनचीच आहे हे काकूंनाही दाखवलं, मगच फाइल चालवली.