कौन्सिल दाद देत नसेल तर (इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी)

कौन्सिलशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी, वाजलं की आपला पहिला प्रश्न असतो, 'तिथे कोणी ओळखीचं आहे का?' १४ वर्षांपूर्वी मीही तेच शोधत होतो. इथे ओळखीपेक्षा तारखा कामाला येतात.

शेजारी एक काकू एकट्या राहतात. गुडघे गेलेले, कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढवत नाही. कौन्सिलने तो दारातून न्यायची सोय मंजूर केली, पण कागदावरच. मंगळवारी गाडी यायची, डबा जागच्या जागी. फोन केला की 'नोंद घेतली' एवढंच उत्तर. मग काकू कालनिर्णयवर चुकलेल्या प्रत्येक मंगळवारी लाल फुली मारायला लागल्या, शेजारी बारीक अक्षरात फोनचा रेफरन्स नंबर. पाच महिन्यांत ११ फुल्या झाल्या. त्यांची लेखी संमती घेऊन तक्रार मी लिहिली.

आधी कौन्सिलकडेच लेखी तक्रार करायची. तिचं शेवटचं उत्तर येईपर्यंत, नाहीतर साधारण १२ आठवडे उलटेपर्यंत ओम्बड्समन (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) सहसा हात घालत नाही. बरेच जण इथेच कंटाळतात. पण रेंगाळूही नका, प्रकार लक्षात आल्यापासून १२ महिन्यांच्या आत तिकडे पोचायला हवं. 'लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन' हे पूर्ण नाव; १९७४च्या कायद्यातून आलेली ही व्यवस्था. आपल्या लोकायुक्तांची लांबची भावंडं म्हणा. फी नाही, वकील नको, आणि व्हिसाचा याच्याशी काही संबंध नाही.

मेख पुढे आहे. आपण 'निर्णय अन्यायाचा आहे' असं पानभर लिहितो. पण कौन्सिलने रीतसर घेतलेला निर्णय आपल्याला पटला नाही, एवढ्यावर ओम्बड्समन तो फिरवत नाही. कामात चूक झाली का आणि त्या चुकीपायी तुम्हाला काय सोसावं लागलं, हे तो बघतो. काकूंच्या मसुद्यातला माझा सगळा संताप मी खोडला. मंजुरीचं पत्र, ११ तारखा आणि डबा ओढताना त्या पडल्या तो दिवस, एवढंच ठेवलं. निकालात कौन्सिलची चूक ठरली. माफीचं पत्र, १५० पौंड, आणि पुढचे काही आठवडे सुपरवायझरने लक्ष ठेवायचं. शिफारस कायद्याने बंधनकारक नसते, तरी कौन्सिल बहुतेक वेळा पाळतात. निकाल सहसा कौन्सिलच्या नावासकट जाहीर होतो, तक्रारदाराचं नाव गाळून. त्या लाजेचाही भाग असावा, असं मला वाटतं.

पार्किंगच्या दंडासाठी इथे येऊ नका, त्याला वेगळं ट्रायब्युनल (न्यायाधिकरण) आहे. जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) हॉस्पिटलविरुद्धच्या तक्रारीला ओम्बड्समन वेगळा, त्याच्याकडे खासदाराशिवाय थेट जाता येतं. होम ऑफिसची (व्हिसा बघणारं गृहखातं) तक्रारही त्याच्याचकडे, पण ती तुमच्या भागातल्या खासदारामार्फत. तुम्ही मत दिलेलं असो वा नसो, तो तुमचा खासदार. बिनधास्त ईमेल करा. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ओम्बड्समन स्वतंत्र आहेत, फॉर्म भरण्याआधी तेवढं बघून घ्या.