घरगुती फराळाची ऑर्डर कशी द्यावी?

दिवाळीचा फराळ विकत घ्यायचाच असेल, तर आपल्या गल्लीत घरून फराळ करून देणाऱ्या ताईंकडून घ्या, असं मी भेटेल त्याला सांगते. पण ऑर्डर कधी देता आणि पैसे कधी देता, त्यावरच त्यांच्या हाती काही उरतं की नाही ते ठरतं.

१. दसऱ्यालाच यादी द्या. चिवडा, शेव ऐनवेळी होतात, अनारसे होत नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कापडावर पसरून दमट असतानाच दळायचे, गूळ घालून मळायचे आणि मग ते पीठ काही दिवस मुरू द्यायचं. धनत्रयोदशीला फोन करून अनारसे मागितले, तर त्या बिचाऱ्या काय करणार?

२. निम्मे पैसे आगाऊ द्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. तेल, डाळी, सुकं खोबरं हे सगळं आधी भरावं लागतं. हातात रोकड असली की माल घाऊक दुकानातून येतो, नसली की कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उधारी वाढते. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी लिज्जत पापड सुरू केला, तो 80 रुपये उसने घेऊन. हाताला चव होतीच, अडत होतं ते भांडवलाशी. तुमचा ॲडव्हान्स म्हणजे बिनव्याजी भांडवल.

३. भाव पाडू नका. परवडत नसेल तर दोन किलोऐवजी एक किलो घ्या. आमच्याकडच्या ताई प्रत्येक घाण्यातली पहिली चकली मोडून आत नळी पडली आहे का ते बघतात. नसेल पडली तर पुढचा घाणा थांबवतात, पीठ पुन्हा मळतात. संध्याकाळपर्यंत सोऱ्या फिरवून तळहात लाल झालेला असतो. त्या कष्टाचेही पैसे त्या भावात असतात. तेल कोणतं, कधीचं, हे मात्र जरूर विचारा.

४. ठरल्या दिवशी स्वतःचे डबे घेऊन जा आणि उरलेले पैसे तिथेच चुकते करा. ऑफिससाठी मोठी ऑर्डर असेल तर बिल रखडवू नका. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा कायदाच आहे.

५. चकली मऊ पडली, लाडू बसला, तर आधी त्यांना सांगा. मोहन जास्त झालं की आच कमी पडली, हे त्यांना लगेच कळतं. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली तर पुढच्या दहा ऑर्डरी जातात. आवडलं तर मात्र त्यांना विचारून फोटो, दर आणि नंबर ग्रुपवर टाका.

६. तासभर त्यांच्या कागदपत्रांसाठी द्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. आधार आणि पॅन लागतं, एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणीही हवी. तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापता आला की दुकानदारही माल ठेवायला तयार होतात.

आणि तुळशीच्या लग्नानंतर त्यांना विसरू नका. तेव्हा ऑर्डरी आटतात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू थंडीत लागतातच, कुरडया-पापडांचं फेब्रुवारीतच सांगून ठेवा.