नवा डॉक्टर आवडत नाहीये? मग असं बघा

‘डॉक्टर हू’मध्ये (बीबीसीची विज्ञानकथा सिरीयल, तिचा नायक ‘डॉक्टर’ म्हणजे शेकडो वर्षं जगलेला परग्रहावरचा कालप्रवासी, मरायला टेकला की शरीर आणि चेहरा बदलतो, म्हणजे नवा नट येतो) आपला लाडका डॉक्टर गेला की नवीन चेहरा डोक्यातच जातो, हे मला चांगलं माहितीये. २०१० ला मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, डेव्हिड टेनंटने डॉक्टरची भूमिका सोडल्याचं इतकं मनाला लागलेलं की त्याच्या जागी आलेल्या मॅट स्मिथचा पहिला एपिसोड वीस मिनिटांत बंद केला आणि पुढे वर्षभर त्या वाटेला गेलो नाही. चूक झाली ती. म्हणून नवीन बघणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी एक डोक्यात पक्कं करा, चेहरा बदलणं हाच या सिरीयलचा प्राण आहे. १९६३ ला पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल ५५ वर्षांचा असताना सुरू झाली, १९६६ ला त्याची तब्येत साथ देईना म्हणून पॅट्रिक ट्राउटनला आणलं आणि त्याने हार्टनेलची नक्कल अजिबात केली नाही, म्हणून तर गाडी पुढे गेली. आपल्याकडे ‘नटसम्राट’ डॉ. लागूंचा बघितलेली माणसं दत्ता भटांचाही बघायला जायचीच ना, आणि दोन्ही बेलवलकर वेगळे असायचे म्हणूनच तर घरी येऊन वाद घालायला मजा यायची.

आता स्मिथचा तो पहिला एपिसोड, ‘द इलेव्हन्थ अवर’, लावा. पहिल्यांदा सबटायटल चालू ठेवा कारण तो फार भरभर बोलतो, पण दुसऱ्यांदा बघाल तेव्हा बंद करा (दोनदा बघायचाच आहे, तासाभराचाच आहे) आणि फक्त त्याचं अंग बघा. निवड झाली तेव्हा हा पोरगा २६ वर्षांचा, तोपर्यंतच्या सगळ्या डॉक्टरांमध्ये लहान, पण हात बघा, कधी वासरासारखा धडपडतो आणि कधी एकदम म्हाताऱ्या प्रोफेसरसारखी बोटं फिरवतो, मान खाली घालून विचार करतो. तरुण शरीरात शेकडो वर्षांचं म्हातारपण, हे त्याने संवादांच्या आधी अंगातून दाखवलंय.

कपड्यांवरही लक्ष ठेवा. जवळजवळ पूर्ण एपिसोड तो टेनंटच्याच फाटक्या कपड्यांत असतो, शेवटी गच्चीवर बो टाय लावतो आणि आधीच्या दहाही डॉक्टरांचे चेहरे दिसतात त्यांच्यातून चालत पुढे येतो. माझा राग तिथे संपला, खरंच.

तो बो टाय कुठून आला तेही बघाच. स्मिथने तयारी करताना बो टायवाल्या ट्राउटनची १९६७ ची ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही गोष्ट बघितली आणि तिच्या प्रेमात पडला. चार भाग आहेत, ब्लॅक अँड व्हाइट, पहिला जरा संथ वाटेल पण सोडू नका, तिसऱ्या भागात ट्राउटन त्याच्यासोबत फिरणाऱ्या व्हिक्टोरियाशी घरच्यांबद्दल हळू आवाजात बोलतो तेवढ्या सीनसाठी तरी बघा.

आणि मग लगेच, त्याच रात्री, स्मिथच्या पहिल्या सीझनचा शेवटचा एपिसोड ‘द बिग बँग’ लावा (मधले झालेले असतील तरच हां, नाहीतर काहीच लागणार नाही). झोपलेल्या छोट्या अमेलियाच्या (‘द इलेव्हन्थ अवर’मध्ये त्याला भेटलेली तीच मुलगी) उशाशी बसून तो बोलतो तो सीन हेडफोन लावून बघा. धडपड नाही, हातवारे नाहीत, आवाज अगदी खाली, आणि समोर २७ वर्षांचा मुलगा बसलाय हे आपण पार विसरून जातो.