आभासी पॅनेलसमोर बसताना

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारा एक मुलगा आमच्या खोलीत आला. व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी जग दाखवणारा) हेडसेट डोळ्यांवर चढवल्यावर त्याला टेबलापलीकडे बसलेली तीन आभासी माणसं दिसली. ‘नमस्कार सर,’ म्हणाला आणि उभाच राहिला. मागे खुर्ची होती, त्याला ते ठाऊकही होतं. पण पॅनेलमधलं कुणी ‘बसा’ म्हणेना, कारण ते वाक्य मी प्रोग्रॅममध्ये घातलंच नव्हतं. शेवटी बाहेरून मीच म्हटलं, ‘बसा.’

मानसशास्त्रात एमए करताना माझा प्रबंध याच विषयावर होता: व्हीआरमधल्या माणसांसमोर नमुना मुलाखत देताना उमेदवाराचं काय होतं? आता पुण्यातले बरेच विद्यार्थी या कामाबद्दल विचारायला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न कोडिंगचा असतो. आभासी दृश्यं तयार करायच्या युनिटी या सॉफ्टवेअरची तोंडओळख आणि थोडं संख्याशास्त्र एवढ्यावर सुरुवात होते, बाकीचं करता करता येतं. अवघड भाग दुसराच आहे.

आधी व्हीआरमध्ये माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे संशोधक मेल स्लेटर यांचं काम वाचा. लंडनमध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांनी आभासी श्रोत्यांपुढे भाषण केलं. काहींपुढे तटस्थ श्रोते होते, काहींपुढे दाद देणारे, काहींपुढे कंटाळलेले आणि तुसडे. एरवी भाषणाला न घाबरणारेही तुसड्या श्रोत्यांसमोर अस्वस्थ झाले. समोर कुणी नाही हे प्रत्येकाला माहीत होतं, तरीही. पुढे 2009 मध्ये स्लेटर यांनी दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या: ‘मी या जागी आहे’ असं वाटणं आणि ‘इथे जे चाललंय ते खरंच घडतंय’ असं वाटणं. दुसरी गोष्ट बरीचशी समोरची माणसं तुमची दखल घेतात की नाही यावर ठरते. माझा ‘बसा’ नेमका तिथे राहून गेला होता.

मी दोन महिने चेहऱ्यांवर घालवले. सुरकुत्या, चष्मे, मिशीतले पांढरे केस. डोळे मात्र एकटक उमेदवारावर रोखलेले. मुलं खुर्ची मागे सरकवायची, अंग चोरून बसायची. जेरेमी बेलेन्सन आणि सहकाऱ्यांचं 2003 चं संशोधन मी तेव्हा नीट वाचायला हवं होतं: आभासी माणसाच्या पाठीमागून जाताना लोक जेवढं अंतर ठेवतात, त्याहून जास्त त्याच्या समोरून जाताना ठेवतात. मग मी चेहरे साधे केले आणि हालचालींवर बसले. पॅनेलमधला एक जण मधूनच कागदात बघेल, उत्तर संपताना मान हलवेल, प्रश्न शेजारचा सदस्य विचारत असेल तर त्याच्याकडे वळेल. खुर्च्या सरकायच्या थांबल्या. तुमच्याकडे वेळ थोडा असेल तर तो नजरेला आणि मानेला द्या.

आणखी एक. या क्षेत्रात प्रोग्रॅमने चालणाऱ्या आकृतीला ‘एजंट’ म्हणतात आणि खऱ्या माणसाच्या हाती असलेल्या आकृतीला ‘अवतार’. समोर कोण आहे असं माणूस समजतो, यानेही फरक पडतो. 2003 च्याच एका प्रयोगात, बघणारे अवतार आहेत असं वाटणाऱ्यांची नवख्या कामातली कामगिरी घसरली; एजंट आहेत असं समजणाऱ्यांची तशी घसरली नाही. म्हणून सहभागी व्यक्तीला सुरुवातीला काय सांगायचं ते शब्दन् शब्द लिहून काढा आणि सगळ्यांना तेच वाचून दाखवा. ओळखीच्या मुलाला सहज बोललेलं एखादं जादा वाक्यसुद्धा निकाल बिघडवतं.

प्रश्नावलीचं मराठीही तपासून घ्या. मी ‘उपस्थिती’ लिहिलं होतं, तर मुलांना हजेरीपट आठवला. ‘आपण खरंच तिथे बसलोय असं कितपत वाटलं?’ असं विचारल्यावर उत्तरं बोलकी झाली.

आता जे मला सगळ्यात आधी कुणीतरी सांगायला हवं होतं ते. एका मुलीच्या वेळी पॅनेलमधले डावीकडचे सदस्य तिच्या उत्तरात खिडकीबाहेर बघू लागले. ती हालचाल मीच बसवली होती. तिने हेडसेट काढला आणि रडायला लागली. आदल्या वर्षी तिची निवड मुलाखतीनंतर हुकली होती. चक्कर येते का, डोकं दुखतं का, हे मी फॉर्ममध्ये विचारलं होतं. हे नव्हतं विचारलं. त्यानंतर मी आधी बसून बोलायला लागले. कधीही थांबता येईल हे दोनदा सांगायचं, नंतर चहा, आणि तुसडं पॅनेल वाट्याला आलेल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी एकदा आपुलकीने ऐकणारं पॅनेल दाखवायचं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या अर्जात या सगळ्यासाठी जागा असते. ती मनापासून भरा.

ती मुलगी आठ दिवसांनी स्वतःहून परत आली. हेडसेट हातात घेऊन म्हणाली, ‘ताई, त्या डावीकडच्या सरांना आज माझ्याकडे बघायला सांगा.’